बसणं, ओळखणं, मानवणं

नेहरू प्लेसच्या कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही दुपारी, एक प्रश्न ठरलेला असतो. काउंटरच्या अलीकडे उभा असलेला मुलगा एका हातात मदरबोर्डचं खोकं धरून त्याच्या कडा निरखत असतो, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर एक लांबलचक यादी उघडलेली असते, आणि तो विचारतो, "भैया, इसमें ये वाला प्रोसेसर लग जाएगा?" पलीकडचा माणूस दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं बिल लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणतो, "लग जाएगा." मुलगा जरा घुटमळतो आणि पुन्हा विचारतो, "चल जाएगा ना?" वरवर पाहता हा पहिल्याच प्रश्नाचा पुनरुच्चार. पण दुकानदार या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मान वर करतो, खोकं हातात घेतो आणि त्याच्या कडेला चिकटवलेला बोटभर कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागतो. लागणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे दोघांनाही माहीत आहे. गाझियाबाद, नोएडा, फरिदाबादेहून इथवर आलेल्या माणसाला ते माहीत असावंच लागतं, कारण प्रोसेसरच्या डबीवरचं सील एकदा तुटलं की ती परत घेतली जात नाही, आणि घरी जाऊन जोडलेला संगणक मुका निघाला तर पुन्हा मेट्रो, पुन्हा जिने, पुन्हा तोच काउंटर.

मराठीकडे या दोन क्रियापदांच्या पुढचं एक तिसरं क्रियापद आहे: मानवणे. अन्न मानवतं, औषध मानवतं, परगावचं पाणी मानवतं किंवा मानवत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या माणसाला गावाकडचे लोक घर मिळालं का, हे विचारतात खरे, पण त्यामागोमाग येणारा प्रश्न असतो, "तिकडची हवा मानवते का?" पहाडगंजात मराठी शाळा निघाली, बृहन्महाराष्ट्र भवन उभं राहिलं, गणपती बसू लागले, तरी जानेवारीतलं धुकं आणि जूनमधली लू ज्याची त्यालाच सोसावी लागते. जागा मिळाल्याने मानवण्याचा प्रश्न सुटत नाही, उलट तिथून तो सुरू होतो. प्रोसेसर आणि मदरबोर्डाचंही मला तसंच वाटतं. दोन वस्तू एकमेकींना लागू पडतात की नाही, हा त्यांच्या घडणीतला, आकारातला गुण आहे असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो कुणीतरी घेतलेला, कुठेतरी लिहून ठेवलेला आणि पुढे कित्येक वर्षं निभावावा लागणारा निर्णय असतो. आकारामुळे फार तर आत शिरता येतं. आत कोण राहील हे आकार ठरवत नाही.

आधी आकाराचं बोलू, कारण फसवणूक तिथेच होते. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन, वर धातूची टोपी, खाली शेकडो सोनेरी टिंबं. एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच त्रिकोण बोर्डावरच्या सॉकेटच्या एका कोपऱ्यावर असतो, आणि दोन्ही त्रिकोण एका जागी आले की चौकोन आपल्या वजनाने आत बसतो. दाबायचं नाही, रेटायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकलं आहे असंच समजायचं. एएमडीच्या एएम४ जातीच्या प्रोसेसरला खाली टाचण्यांसारख्या १३३१ पिना असतात, तर इंटेलच्या आजच्या सॉकेटांत पिना बोर्डाकडे असतात आणि प्रोसेसरकडे नुसते स्पर्शबिंदू. पण कोणाच्याही पिना असोत, एक जरी वाकली तरी डोळ्याला भिंग लावून सुईने ती सरळ करत बसावं लागतं. या रचनेत एक प्रकारचा प्रामाणिकपणाही आहे. इंटेलच्या ११५६ बिंदूंच्या सॉकेटनंतर ११५५ बिंदूंचं सॉकेट आलं, तेव्हा कडेच्या खाचांची जागा हलवली गेली, म्हणजे जुना प्रोसेसर नव्या बोर्डात चुकूनही बसू नये. डीडीआर४ रॅमची पट्टी डीडीआर५च्या खोबणीत जात नाही, कारण खाच जुळत नाही. इथे नकार आकारातच कोरलेला असतो. हाताला तो लगेच समजतो आणि कुणाचं नुकसान होत नाही.

गोंधळ तिथे होतो, जिथे खाच होकार देते आणि बाकी सगळं नकार. याची उदाहरणं जुनी आहेत. १९९०च्या दशकात सॉकेट ७ नावाच्या एकाच जागेवर इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे आणि सायरिक्सचे प्रोसेसरही बसत. तीन प्रतिस्पर्धी आणि पाट एक. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ आणला तो एका लांब पट्टीवर, स्लॉट १ या नव्या जागेसाठी, आणि ती जागा इतरांना वापरू दिली नाही. दोन वर्षांनी एएमडीने अ‍ॅथलॉनसाठी स्लॉट ए आणला. त्याच्या जोडाचा साचा स्लॉट १चाच होता, पण आत वाहणारे विजेचे संकेत पूर्णपणे निराळे, डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरसाठी घडवलेल्या मार्गावरचे. एकाच साच्याची दोन दारं, आतल्या घरांत दोन निरनिराळ्या भाषा. दाराच्या मापावरून घरातली भाषा सांगता येत नाही, एवढं तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरीही पुढची वीस वर्षं गिऱ्हाईक बिंदूंचे आकडेच पाठ करत राहिलं: ७७५, ११५५, ११५०, ११५१.

त्यातला ११५१ हा आकडा या साऱ्या गोष्टीचं मर्म आहे. २०१५ मध्ये इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर या सॉकेटवर आले, मग सातव्या पिढीचे आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तीही ११५१ बिंदूंचीच, खाचाही त्याच. ती जुन्या बोर्डात अलगद बसायची आणि काहीच व्हायचं नाही. पंखा फिरायचा, दिवे लागायचे, पडदा मात्र काळा. या बाजाराच्या बोलीत त्याला एकच वाक्य आहे, "डिस्प्ले नहीं आ रहा." कंपनीचं म्हणणं होतं की आता चारऐवजी सहा कोअर आहेत, त्यांना वीज जास्त लागते, म्हणून बिंदूंची वाटणी बदलली आहे. त्यात तथ्य होतं. आधी राखीव ठेवलेले बरेचसे बिंदू वापरात आले आणि वीज पुरवणारे बिंदू १२८ होते ते १४६ झाले. इथे कुणीही आक्षेप घेईल की मग हा निर्णय कसला, हा तर पदार्थविज्ञानाचा नियम. कमी तारांतून जास्त वीज नेली तर तारा तापणारच. आक्षेप रास्त आहे, आणि तो अर्धा मान्य करायलाच हवा. तांब्याला स्वतःच्या मर्यादा आहेत, त्या कुणाच्या मर्जीने वाढत नाहीत. पण त्याच सुमारास काही खटपट्या लोकांनी प्रोसेसरच्या निवडक बिंदूंवर बारीक चिकटपट्टी लावून आणि बोर्डाच्या आतलं लिखाण बदलून आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. बोर्ड तेच, तांबं तेच, बदललं होतं फक्त लिखाण आणि चार बिंदूंवरचा पडदा. याचा अर्थ प्रत्येक जुना बोर्ड तो भार वर्षानुवर्षं पेलू शकला असता असा मुळीच नाही. अर्थ इतकाच, की पदार्थविज्ञान एक सीमा आखतं, आणि त्या सीमेच्या बरंच अलीकडे, सावध अंतरावर, माणसं आपली कुंपणं घालतात. गिऱ्हाइकाची गाठ पडते ती कुंपणाशी. सीमेपर्यंत ते पोचतच नाही.

कुंपण आणि सीमा यांतला हा फरक पाहायला बाजाराबाहेर फार लांब जावं लागत नाही. खाली उतरून मेट्रोचे रूळ पाहिले तरी पुरे. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातल्या लाल, पिवळ्या आणि निळ्या मार्गांचे रूळ रुंद मापाचे आहेत, १६७६ मिलिमीटरचे, भारतीय रेल्वेचं जे माप तेच. मेट्रो बांधणाऱ्यांना जगभरातल्या मेट्रोंसारखं १४३५ मिलिमीटरचं माप हवं होतं, रेल्वेचा आग्रह रुंद मापाचा होता, आणि तेव्हा रेल्वेचं चाललं. पुढे धोरण बदललं. ऑक्टोबर २०१० मध्ये नेहरू प्लेसवरून जाणारा जो जांभळा मार्ग सुरू झाला तो १४३५च्या मापाचा आहे. प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. तिकीट तेच, फाटक तेच, घोषणेचा आवाज तोच. केंद्रीय सचिवालयाला तो पिवळ्या गाडीतून उतरतो आणि जांभळ्या गाडीत चढतो, पण पिवळी गाडी स्वतः या रुळांवर कधीही येऊ शकत नाही. एका काळी कुणाच्या तरी टेबलावर झालेला वाद लोखंडात ओतला गेला आणि आता तो निसर्गनियमासारखा दिसतो. तांत्रिक जगातल्या पुष्कळ अशक्य गोष्टींची कुळकथा अशीच असते. संगणकाच्या बाबतीत मात्र एक मोठा फरक आहे. तिथले बरेच निर्णय लोखंडात ओतलेले नसतात, ते पुसता येतील अशा जागी लिहिलेले असतात.

ती जागा म्हणजे बायोस. हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७०च्या दशकात आपल्या सीपी/एम प्रणालीसाठी योजला, आयबीएमच्या १९८१च्या पीसीमुळे तो घरोघरी गेला, आणि आता त्याजागी यूईएफआय आलं असलं तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही बायोसच म्हणतात. संगणक सुरू होताना, विंडोज वगैरे जागं होण्याच्याही आधी, बोर्डावरच्या एका नखाएवढ्या चिपमधलं लिखाण वाचलं जातं. समोर कोण बसला आहे, त्याला किती व्होल्ट द्यायचे, तो किती वेगाने धावतो, रॅमशी त्याने कसं बोलायचं, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. नोंद नसेल तर बोर्ड त्याला ओळखत नाही. मराठीत ओळख हा शब्द तीन कामं करतो: ओळख म्हणजे समोरच्याला जाणणं, ओळख म्हणजे परिचय करून देणं, आणि ओळख म्हणजे स्वतः कोण आहोत ते. या चिपमध्ये ही तिन्ही कामं एकत्र चालतात. आणि त्यातली विलक्षण गोष्ट अशी की बोर्डाला ज्याला ओळखायचं असतं तो बोर्ड तयार झाला त्या दिवशी पुष्कळदा जन्मालाही आलेला नसतो. २०२२च्या आरंभी खोक्यात बंद झालेल्या एखाद्या एच६१० बोर्डाला इंटेलची बारावी पिढी ठाऊक असते. तेरावी पिढी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाजारात आली, त्याच १७०० बिंदूंच्या सॉकेटवर. बोर्ड फळीवर पडून होता, जग पुढे गेलं. म्हणून एकाच नावाचे, एकाच किमतीचे, एकाच फळीवरचे दोन बोर्ड वेगळे असू शकतात: एक नव्याला ओळखणारा, एक न ओळखणारा. दुकानदार खोक्याच्या कडेचा कागद डोळ्यांजवळ नेतो तो यासाठी. बोर्डाचं नाव त्याला पाठ असतं. तो शोधत असतो कारखान्यात त्याच्यात भरलेल्या बायोसची आवृत्ती, म्हणजे एका अर्थी त्याचं ज्ञान कुठल्या तारखेला थांबलं आहे ते.

इथे दुसरा आक्षेप येतो, जास्त व्यवहारी. एवढं चिंतन कशाला? प्रत्येक बोर्डाच्या कंपनीकडे यादी असते, कुठला प्रोसेसर चालतो आणि कुठल्या बायोसपासून चालतो, असे रकाने आखलेली. यादी पाहा, नाव असेल तर घ्या, नसेल तर सोडा. व्यवहारापुरता हा सल्ला उत्तम आहे, आणि काउंटरवर उभं राहून याहून शहाणपणाचं काही करता येत नाही. पण यादी म्हणजे काय, याचा विचार केला की सल्ला थोडा हलू लागतो. आपल्याकडे पत्रिका जुळवताना दोन जन्मवेळा मांडल्या जातात, त्यावरून छत्तीसांपैकी गुण निघतात, आणि दोन्ही जन्मवेळा कायमच्या असल्याने बेरीज पुन्हा बदलत नाही. प्रोसेसरची यादी वरून तशीच दिसते, म्हणून ही उपमा अनेकांच्या तोंडी येते. ती लागू पडत नाही. यादी वाढते, कधी आक्रसते, आणि तिच्यातल्या एखाद्या ओळीमागे कुणीतरी खरोखर तो प्रोसेसर त्या बोर्डावर बसवून पाहिलेला असतो. मौन मात्र फसवं असतं. यादीत नाव नाही याचा अर्थ चालत नाही असाही असतो, आणि कुणी अजून तपासलं नाही असाही. यादी हे वस्तूंचं वर्णन कमी आणि कंपनीने कुठवरची जबाबदारी पत्करली आहे याचं निवेदन जास्त.

ही जबाबदारी मर्जीवर कशी हलते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा एएमडीने स्वतःच दिला. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर एएम४ सॉकेटवर आले आणि हे सॉकेट २०२० पर्यंत चालवू, असं आश्वासन कंपनीने दिलं होतं. लोकांनी त्यावर विसंबून चांगले बोर्ड घेतले. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की पुढची पिढी फक्त नव्या, ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. ४०० मालिकेतल्या बी४५० आणि एक्स४७० वाल्यांमध्ये एकच ओरड झाली. त्याच महिन्यात कंपनीने शब्द फिरवला आणि ४०० मालिकेलाही वाट करून देऊ म्हणाली. त्याहून जुन्या, २०१७च्या ३०० मालिकेला तेव्हा नकारच होता. २०२२ मध्ये तोही मागे घेतला गेला, आणि त्या वर्षी आलेला ५८००एक्स३डी हा प्रोसेसर पाच वर्षं जुन्या बोर्डांवर चालू लागला. या दोन वर्षांत त्या बोर्डांच्या तांब्यात काडीइतकाही बदल झाला नव्हता. जी गोष्ट होणार नाही असं सांगितलं गेलं ती होऊ लागली, कारण ती व्हावी असं ठरलं आणि कुणीतरी बसून तसं लिहिलं.

यावरून कुणी सरळ निष्कर्ष काढेल की सगळा खेळ विक्रीचा आहे, नवे बोर्ड खपावेत म्हणून जुन्यांना मुद्दाम अडाणी ठेवलं जातं. हा तिसरा आक्षेप वरच्या आक्षेपांच्या उलट बाजूचा आहे, आणि तो ऐकायला गोड लागतो म्हणूनच त्याच्यापासून जरा जपून राहायला हवं. एएमडीने तेव्हा दिलेलं कारण पोकळ नव्हतं. बायोस ठेवायची चिप बऱ्याच जुन्या बोर्डांवर १६ मेगाबाइटची होती. एकाच सॉकेटवर इतक्या पिढ्या आल्या की सगळ्यांच्या नोंदी तिच्यात मावेनात. तेव्हा कंपन्यांनी जे केलं ते वाचताना एखाद्या जुन्या वाड्यातली आवराआवर डोळ्यांपुढे येते. काहींनी आरंभीच्या प्रोसेसरांच्या नोंदीच काढून टाकल्या. एका कंपनीने बायोसच्या पडद्यावरची चित्रं, सजावट काढून तो साधा, ओबडधोबड केला, म्हणजे तेवढीच जागा मोकळी होईल. आणि पुढे तेच बोर्ड ३२ मेगाबाइटच्या चिपसह नव्या नावाने पुन्हा काढले. नव्याची ओळख ठेवायची तर जुन्या कुणाला तरी विसरायचं, ही अडचण खरी होती, कुणाच्या लबाडीतून आलेली नव्हती. शिवाय प्रत्येक नव्या पाहुण्यामागे तपासणीचे तास असतात, शेकडो बोर्डांवर तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि त्या जुन्या बोर्डाचे पैसे कंपनीला केव्हाच मिळून गेलेले असतात. एकदा विकलेल्या वस्तूसाठी वर्षानुवर्षं फुकट लिहीत राहायचं, हे बाजाराच्या स्वभावात नाही. म्हणून जिथे ते घडतं तिथे त्याकडे उपकार म्हणून पाहू नये, पण गृहीतही धरू नये. ते काम आहे, आणि ते करणारी, नाव नसलेली माणसं कुठेतरी बसलेली आहेत.

या व्यवस्थेत एक पेच मात्र असा आहे की त्याला उपाय सांगताना कंपन्यांनाही कसरत करावी लागली. बोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख व्हावी म्हणून बायोस अपडेट करायचं, पण अपडेट करायला संगणक सुरू व्हावा लागतो, आणि संगणक सुरू व्हायला बोर्डाने प्रोसेसरला ओळखावं लागतं. दार आतून बंद, किल्लीही आत. २०१८ मध्ये एएमडीने यावर तोडगा काढला: ज्याचा नवा प्रोसेसर असा अडकला असेल त्याला एक जुना, साधा प्रोसेसर उसना पाठवायचा, त्याने तो लावून अपडेट करायचं आणि प्रोसेसर परत करायचा. पुढे अनेक बोर्डांवर एक बटण आलं. पेनड्राइव्हवर नवं बायोस घेऊन ते बटण दाबलं की सॉकेट रिकामं असतानाही लिखाण बदलतं. पण स्वस्त बोर्डांवर हे बटण सहसा नसतं, आणि नेहरू प्लेसमधलं बहुतेक गिऱ्हाईक स्वस्त बोर्डाचंच असतं. तिथे तोडगा म्हणजे दुकानदाराचा ड्रॉवर. त्यात केबल, स्क्रू, पेस्टची अर्धी नळी यांच्यात एखादा जुना प्रोसेसर पडलेला असतो. तो विकायचा नसतो. तो बोर्डात बसवायचा, बोर्ड त्याला ओळखतो, त्याच्या भरवशावर जागा होतो, नवं लिखाण घेतो, आणि मग त्याला काढून नव्याला बसवायचं. जुन्या ओळखीवर नव्याची ओळख करून देणारा हा मध्यस्थ काम झालं की पुन्हा ड्रॉवरमध्ये जातो. दिल्लीत कुणाच्या ओळखीने काम होतं, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. इथे ती तक्रार नाही, नुसती रीत आहे.

समजा हे सगळं झालं. बसला, ओळखला गेला, पडद्यावर अक्षरं उमटली. दुकानदार म्हणेल, बघा, चाललं. ज्याला मी मानवणं म्हणतो ते अजून कळलेलं नसतं. प्रोसेसरच्या भोवती बोर्डावर जे वीज सावरून देणारे भाग असतात ते स्वस्त बोर्डावर थोडे असतात, कित्येकदा त्यांच्यावर उष्णता खेचून घेणारा धातूचा तुकडाही नसतो. सोळा कोअरचा प्रोसेसर अशा बोर्डाच्या यादीत असतो, तो सुरूही होतो. मग जूनच्या दुपारी, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, खोलीत कूलर गरम वारा ढवळतो आहे, आणि अर्धा तास व्हिडिओचं काम चाललं की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग मागे ओढतो. बिघाड म्हणावा असं काही झालेलं नसतं. दोघे एकमेकांना ओळखतात, पण एकाचा वेग दुसऱ्याला सोसत नाही. कधी अडचण याहून क्षुल्लक असते: प्रोसेसर नवा, आणि त्याच्या डोक्यावर बसवायचा कूलर जुन्या संगणकातून काढलेला. इंटेलच्या १२०० बिंदूंच्या सॉकेटभोवती कूलरची भोकं ७५ मिलिमीटरवर होती, १७००च्या भोवती ती ७८वर गेली. तीन मिलिमीटरसाठी वेगळी पट्टी मागवावी लागते. डिसेंबरात केलेली खरेदी खरी कशी ठरली हे जूनमध्ये समजतं, आणि पाच वर्षांनी, पुढची पिढी बाजारात आल्यावर, पुन्हा एकदा समजतं.

ज्या जागेवर हा सगळा व्यवहार चालतो ती जागादेखील या विचारात ओढली जाते. दिल्लीत निरनिराळ्या भागांत जिल्हा केंद्रं उभारायची, या नियोजनातून दिल्ली विकास प्राधिकरणाने नेहरू प्लेस वसवलं. मध्ये मोकळा फरसबंद चौक, भोवती कचेऱ्यांच्या उंच इमारती. ते आखलं गेलं तेव्हा टेबलावरचा संगणक ही चीजच नव्हती. कचेऱ्यांसाठी काढलेल्या खोल्यांत पुढे प्रोसेसर आणि हार्डडिस्कची दुकानं थाटली गेली, चौकात कीबोर्ड आणि केबलांची पथारी पसरली, पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाची दुकानंही शेजारी नांदू लागली. मूळ यादीत यांपैकी कुणाचंही नाव नसेल. हा चौक संगणकाच्या धंद्याला मानवला म्हणायचं, की धंद्याने चौकाला आपल्या सवयी लावल्या म्हणायचं, हे सांगणं अवघड आहे. बहुधा दोन्ही थोडं थोडं झालं, आणि वीज, जिने, पार्किंग यांच्यावरचा भार रोज त्याची आठवण करून देतो.

दुकानदाराने एव्हाना खोक्यावरचा कागद वाचलेला असतो. तो बोर्ड काउंटरवर ठेवतो, ड्रॉवर ओढतो आणि म्हणतो, "चल जाएगा, अपडेट करना पड़ेगा." लग जाएगा, चल जाएगा, करना पड़ेगा: या बाजाराची सगळी उत्तरं भविष्यकाळात असतात, आणि मघापासून आपण जे पाहिलं त्यानंतर दुसरा कुठला काळ इथे शोभलाही नसता. मुलगा मोबाइलवरची यादी बोटाने खाली सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत जातो. त्या ओळीखाली पांढरी जागा आहे. तिथे पुढच्या वर्षी आणखी नावं येतील की यादी इथेच थांबली आहे, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. मानवण्याला हिंदीतही छान शब्द आहे, रास आना. काउंटरवर तो कुणी उच्चारत नाही. ड्रॉवरमधला जुना प्रोसेसर बाहेर येतो, दोन त्रिकोण एकमेकांसमोर येतात, आणि चौकोन आपल्या वजनाने खाली बसतो.